एआरटीची ओपीडी चांगली आहे की नाही, हे मोजायचं कशानं?

कडक_भाकरी (सोमवार, रात्री ९:५०)

माझी मावशी विडी घरकुलात राहते. २०११ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेते. काका ट्रकवर होते, ते त्याच वर्षी गेले आणि मावशीचं त्यानंतर कळलं. दर खेपेला मी तिच्याबरोबर जाते. तिला वाचता येत नाही, आणि तिथं एकटीनं बसायला तिला नको वाटतं. कुठलं केंद्र ते लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

मागच्या आठवड्यात औषध घेऊन निघालो तर एका मुलीनं थांबवून कागद हातात दिला. तीन प्रश्न होते. वागणूक कशी, स्वच्छता कशी, एकूण सेवेबद्दल समाधानी आहात का. प्रत्येकापुढं तीन चेहरे काढलेले: हसरा, मधला, रडका. मी वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "तिन्ही हसरे कर." मी म्हटलं, अगं तीन तास बसलीस, गोळ्या एकाच महिन्याच्या मिळाल्या, परत हेलपाटा आहे म्हणून रिक्षात किती बोललीस मागच्या वेळी! तर म्हणते, "पुढच्या महिन्यात तोंड घेऊन इथंच यायचंय ना मला?"

केले तिन्ही हसरे.

बाहेर भिंतीवर तक्ता होता. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात असलेले पेशंट किती, तर नव्वदीच्या वरचा मोठा आकडा. म्हणजे कागदावर मावशी खूश आणि भिंतीवर पेशंट ठणठणीत.

मी नव्या पेठेत कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण वही इतकी साफ दिसली की मला झोप लागत नाही. अशा ओपीडीची प्रत नक्की कशावरून ठरवतात? ठरवतं का कुणी?

सात_रस्ता (सोमवार, रात्री १०:०५)

घड्याळावरून. नऊला नंबर लावला आन् एकला जेवायची सुट्टी झाली, कळली की प्रत. अजून काय मोजायचं बे.

जुनी_कौन्सेलर (सोमवार, रात्री ११:३०)

मी चौदा वर्षं हेच काम केलं, आता घरी असते. कुठं केलं ते मीही सांगत नाही.

सात_रस्ता, तुमचं घड्याळ बरोबर आहे, पण ते फक्त बाहेरच्या बाकड्यावरचं. आत काय व्हायला हवं ते आधी सांगते. पेशंट आला की वजन. मग चार प्रश्न: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का. हे प्रत्येकाला, प्रत्येक भेटीत, तो कितीही धडधाकट दिसला तरी विचारायचे, कारण एचआयव्ही असलेल्यांचे सगळ्यात जास्त बळी टीबी घेतो. मग उरलेल्या गोळ्या मोजायच्या. तीसमधली एखादी चुकली तर ठीक, दोन-तीन चुकल्या की माणसाला बसवून बोलायचं. हे सगळं केंद्रातल्या पांढऱ्या कार्डावर चढतं, पेशंटजवळ हिरवं पुस्तक असतं. गोळ्या सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात व्हायरल लोड, बाराव्या महिन्यात परत, नंतर वर्षातून एकदा. सगळं सुरळीत असलेल्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या.

आता खरी गोष्ट. या प्रत्येक गोष्टीवर टिक मारता येते, न करता. चार प्रश्नांचे चार "नाही" मी स्वतः सवयीनं भरलेत. बाहेर दीडशे माणसं आणि आत आपण दोघी, अशा दिवशी पेन आपोआप चालतं. खोटं बोलत नाही आता, वय झालं.

गोळ्यांची मोजणीही तशीच. आम्ही रागावतो हे कळल्यावर लोक निघताना उरलेल्या गोळ्या मोरीत ओतून यायचे. डबी रिकामी, आमच्या कार्डावर शंभर टक्के. एक बाई तर इतक्या नेमानं शंभर टक्के होती की मी तिचं उदाहरण बाकीच्यांना द्यायची. पुढं तिला दवाखान्यात टाकलं तेव्हा कळलं, चार महिने एकही गोळी पोटात गेली नव्हती. सासूला संशय येईल म्हणून.

आणि कडक_भाकरी, तुमच्या भिंतीवरच्या आकड्याला विचारा: कितीपैकी?

समजा १०० जणांना औषध सुरू केलं. २० जण यायचे थांबले. उरलेल्या ८० पैकी ७० जणांचं व्हायरल लोडचं रक्त गेलं. त्यात ६६ जणांचा विषाणू दबलेला निघाला. भिंतीवर लागणार ६६ भागिले ७०, म्हणजे ९४ टक्के. पण सुरुवात १०० जणांनी केली होती, त्यातले दबलेले असल्याची खात्री ६६ जणांचीच आहे. दोन्ही आकडे खरे. भिंतीवर एकच लागतो.

कडक_भाकरी (सोमवार, रात्री ११:४२)

अगंबाई! म्हणजे बुडीत गिऱ्हाइकांची नावं वहीतून खोडायची आणि म्हणायचं वसुली चोख आहे. आमच्या शेठजींनी असं केलं तर दिवाळीला पूजा कसली करणार!

जुनी_कौन्सेलर (सोमवार, रात्री ११:५१)

अगदी तसंच. आणि त्या वीस जणांना शोधायला माणूस लागतो, त्याला गाडीभाडं लागतं, खोटे पत्ते आणि बंद फोन पचवायची ताकद लागते. पत्ता खोटा देतात कारण घरी कुणी शोधत आलेलं नको असतं. एकदा मी एका गल्लीत "विमा कंपनीतून आलेय" सांगून शिरले होते. शेजारीण म्हणाली, मलाही काढायचाय विमा. तासभर सुटका नाही.

सरळसोट (मंगळवार, सकाळी ७:१५)

एक विचारतो, राग मानू नका. औषध फुकट, तपासणी फुकट. खासगीत हेच घ्यायचं तर किती जातील? फुकटच्या ठिकाणी तीन तास बसलं तर काय झिजलं? त्यात पुन्हा गुणवत्ता वगैरे.

जुनाच_पेशंट (मंगळवार, सकाळी ८:४०)

सरळसोट, राग नाही. पण मी त्या बाकड्यावर २००८ पासून बसतोय, म्हणून सांगतो.

मला पहिल्या गोळ्या मिळाल्या त्यात स्टॅव्हुडीन होतं. सहा महिन्यांत सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, वाढलं, डॉक्टर खूश, कार्डावर सगळं उत्तम. आणि माझ्या तळव्यांची आग आग व्हायची. रात्री ओल्या फरशीवर पाय ठेवून बसायचो. वर्षा-दोन वर्षांत गाल बसले, हातापायांच्या शिरा दिसायला लागल्या. मी मागावर कामाला होतो, कारखान्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण ते गाल बघून लोक ओळखायला लागले. तेव्हा या गालांची ख्याती झाली होती. जीव वाचवणाऱ्या गोळीनंच माझी चहाडी केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच सांगितलं होतं की हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करा. माझं बदललं त्यानंतर बऱ्याच काळानं, तेही मी रडलो तेव्हा.

तर त्या काळात माझ्या ओपीडीची प्रत काय होती? सीडी४ बघितलं तर पहिला नंबर. पायांना विचारलं असतं तर नापास. पण "पाय कसे आहेत" असा रकानाच नव्हता, मग विचारणार कोण.

आता डोल्यूटेग्रॅव्हिरवाली गोळी आहे, रोज एक. त्रास नाही. मधल्या एफाव्हिरेंझच्या दिवसांत मात्र अशी स्वप्नं पडायची की सिद्धेश्वर तलावातून मगरी घरी यायच्या.

आणि फुकटचं म्हणाल तर, माझा विषाणू दबलेला राहिला की तो शरीरसंबंधातून दुसऱ्याला जात नाही. हे आता सगळ्या जगानं मान्य केलंय. म्हणजे माझी गोळी तुमच्याही कामाची आहे. मी तीन तासांना कंटाळून यायचा बंद झालो तर झिजणार सगळ्यांचंच.

माझं स्वतःचं माप सांगू? आत नावानं पुकारतात की नंबरानं. बस्स. पूर्ण नाव आडनावासकट ओरडलं की मला उरलेलं काही बघायची गरज वाटत नाही.

सरळसोट (मंगळवार, सकाळी ९:०२)

ठीक आहे. शब्द मागे घेतो. आडनावाचं डोक्यात आलं नव्हतं.

संपादक (मंगळवार, सकाळी ९:३०)

एका प्रतिसादातलं केंद्राचं आणि डॉक्टरांचं नाव उडवलं आहे. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

ह्यूस्टनचा_सोलापूरकर (मंगळवार, सकाळी १०:१०)

इथं रात्र आहे, पण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. मी इथल्या एका एचआयव्ही दवाखान्यात फायलींवरून हीच मोजणी करतो. बाळीवेशीतून निघून असलं काम करीन असं स्वप्नातही नव्हतं.

अमेरिकेत १९९० मध्ये रायन व्हाइटच्या नावानं कायदा झाला. हा इंडियानातला मुलगा, हिमोफिलियाच्या (रक्त लवकर गोठत नाही त्या आजाराच्या) औषधातून लागण झालेली, शाळेनं प्रवेश नाकारला होता. कायदा व्हायच्या चारच महिने आधी तो गेला. विमा नसलेल्या, कमी पगाराच्या लोकांचा बाह्यरुग्ण उपचार या पैशातून होतो. २००० साली कायद्याचं नूतनीकरण झालं तेव्हा अट आली की पैसे घेणाऱ्यानं गुणवत्तेचं काम दाखवलंच पाहिजे. न्यूयॉर्क राज्याच्या एड्स इन्स्टिट्यूटनं तर त्याआधीपासून दवाखान्यांना आपल्याच फायली काढून स्वतःला तपासायला शिकवलं होतं.

मापं कशी असतात बघा. वर्षातल्या शेवटच्या तपासणीत व्हायरल लोड २०० च्या खाली आहे का. औषध लिहून दिलंय का. सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर तीन महिन्यांच्या आत न्यूमोनिया टाळायची गोळी सुरू केली का. दोन वर्षांचे सहा-सहा महिन्यांचे चार तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात निदान एक भेट, आणि एका तुकड्यातली पहिली भेट व पुढच्यातली शेवटची यांत किमान साठ दिवसांचं अंतर. साठ दिवस कशाला? नाहीतर लोक डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला बोलावून दोन तुकडे भरून टाकतात. प्रत्येक नियमामागं कुणीतरी केलेली चलाखी असते.

कौन्सेलरबाईंच्या "कितीपैकी"ला इथं उत्तर असं: वर्षात एकदा जरी दवाखान्यात पाय ठेवला तरी तो खालच्या आकड्यात धरायचा. तपासणी झालीच नसेल तर तो "दबलेला नाही" समजायचा. फुकट मार्क नाहीत.

एक सावधगिरी. इथली रेघ २०० ची, भारतात बरीच वर्षं १००० ची धरली. त्यामुळे तिथला टक्का आणि इथला टक्का शेजारी ठेवून कुणी फुशारकी मारू नये.

मंगळवेढ्याची_ज्वारी (मंगळवार, दुपारी १:२०)

भेटी मोजायचं इथं चालणार नाही ओ. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी टोळी दिवाळीच्या आसपास निघते आणि पाडव्याला परत. कर्नाटकात कारखान्यावर. त्यात माझ्या ओळखीचा एक आहे. तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या तर निभतं, एका महिन्याच्या मिळाल्या तर मुकादमाला काय सांगून यायचं? उचल घेतलेली असते. एक खाडा म्हणजे कोयत्याचा खाडा, नवरा-बायको दोघांचा.

गेल्या साली त्यानं तिकडच्याच सरकारी केंद्रातून हिरवं पुस्तक दाखवून गोळ्या घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. परत आला तर इथं म्हणे "तू तीन महिने गैरहजर, बुडालेला". वर बोलणी खाल्ली.

ह्यूस्टनचा_सोलापूरकर (मंगळवार, दुपारी १:४५)

मान्य. हीच इथली पण अडचण. तब्येत चांगली असलेल्याला कमी वेळा बोलावणं हीच चांगली सेवा, आणि भेटी मोजणारं माप त्यालाच शिक्षा करतं.

(झोपतो आता. शेंगा चटणीचा विषय कुणी काढू नका.)

जुनी_कौन्सेलर (मंगळवार, दुपारी २:३०)

२०२० च्या टाळेबंदीत आम्हाला तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्याच लागल्या, काही ठिकाणी घरपोच. आधी वर्षानुवर्षं ऐकत होतो की लोक गोळ्या विकतील, हरवतील, खाणार नाहीत. माझ्या टेबलापुरतं सांगते, तसं काही झालं नाही. उलट बाकडं रिकामं झाल्यावर मला पहिल्यांदा माणसांशी नीट बोलता आलं.

आता सॉफ्टवेअरमुळे दुसऱ्या केंद्रात घेतलेलं औषध दिसायला हवं. दिसतं का, हेही मोजा म्हणते मी.

एमआयडीसी_क्लिनिक (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

अक्कलकोट रोडला माझा छोटा दवाखाना आहे, यंत्रमाग कामगार आणि विडीवाल्या बायका जास्त. एचआयव्हीचं औषध मी देत नाही, पण त्या रांगेतली माणसं खोकला, कंबरदुखी, अशक्तपणा घेऊन माझ्याकडेच येतात.

माझीच चूक सांगते. एक बाई अशक्तपणासाठी यायच्या. मी लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या डोल्यूटेग्रॅव्हिरवर आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लोह-कॅल्शियम उपाशीपोटी त्या गोळीबरोबर पडलं की ती नीट शोषली जात नाही. दोन्ही जेवणाबरोबर घ्यावं, नाहीतर डोल्यूटेग्रॅव्हिर आधी दोन तास किंवा नंतर सहा तास ठेवावी. ॲसिडिटीच्या पातळ औषधांनाही हाच दोन-सहाचा नियम, तिथं जेवणाचा उपयोग नाही. आणि टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्यूटेग्रॅव्हिरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. पुढं त्यांचा व्हायरल लोड चढला. केंद्रात त्यांनाच बोल लागले: गोळ्या घेत नाही! त्या बिचाऱ्या घेत होत्या. माझ्या कॅल्शियमसकट.

म्हणून माझ्या मते एक माप असं हवं: "दुसऱ्या कुणाचं औषध घेता का?" हा प्रश्न दर भेटीला विचारला जातो का. दुसरं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. एचआयव्ही असलेल्या बायकांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि बार्शीला एवढं कॅन्सर हॉस्पिटल असूनही मला भेटणाऱ्या बहुतेकींना "तिथली तपासणी" म्हणजे काय तेच माहीत नसतं. रक्तदाब, साखर यांचंही तेच. लोक आता या औषधांवर म्हातारे होतायत. चांगलीच गोष्ट आहे, पण म्हातारपणाचा रकाना अजून कार्डावर पुरता आलेला नाही.

माजी_मास्तर (मंगळवार, रात्री ८:३०)

कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. धागा वाचून राहवेना.

डोनाबेडियन नावाच्या गृहस्थांनी १९६६ मध्ये एक साधी फोड केली होती. साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि शेवटी माणसाचं काय झालं. सात_रस्ता आणि जुनाच_पेशंट कामाबद्दल बोलतायत, भिंतीवरचा तक्ता शेवटाबद्दल. शेवट सगळ्यात महत्त्वाचा हे खरं, पण त्यावर एकट्या दवाखान्याचा हात नसतो. ऊसतोडीच्या पट्ट्यातलं केंद्र आणि शहरातल्या नोकरदारांचं केंद्र यांची तुलना म्हणजे चढावरच्या सायकलवाल्याला उतारावरच्याशी शर्यत लावणं. वर पेशंट येतो तेव्हा किती खालावलेला आहे तेही बघायला हवं.

तालुक्याच्या लहान केंद्राचं आणखी वेगळं. तिथं समजा ४० पेशंट आहेत. एक इकडचा तिकडं झाला की अडीच टक्के हलले. दोन जण गावजत्रेला थांबले म्हणून तपासणी चुकली, की केंद्र "घसरलं". अशांची क्रमवारी लावणाऱ्याला मी माझ्या वर्गात नापास करीन.

आणि क्रमवारी लावलीच तर काय होईल तेही सांगतो. जो पेशंट आकडा बिघडवतो, दारू पितो, महिना महिना येत नाही, त्याला गोड बोलून दुसऱ्या केंद्रात बदली दिली जाईल. कागदावर ती बदली "पेशंटच्या सोयीसाठी". त्यामुळे प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी करावी, आणि बदली दिलेले लोक पुढं पोचले का हे पाठवणाऱ्यालाच विचारावं.

सात_रस्ता (मंगळवार, रात्री ८:४४)

मास्तर, मी तुमच्या वर्गात नापासच झालो होतो. तरी हे कळलं.

कडक_भाकरी (मंगळवार, रात्री ९:३०)

माझी वही भरत आली. पण मूळ प्रश्न राहिलाच. पेशंटला विचारून कळतं का काही? मावशी तर तिन्ही हसरेच करणार.

जुनी_कौन्सेलर (मंगळवार, रात्री १०:२०)

"समाधानी आहात का" विचारू नका, "काय झालं" विचारा. समाधानाचं उत्तर उपकाराच्या भावनेतून येतं. काय झालं त्याचं उत्तर आठवणीतून येतं. मागच्या वेळी वजन केलं का? रक्ताचा आकडा तुम्हाला सांगितला का, आणि कळेल असा सांगितला का? आत बोलताना दार उघडं होतं का? गोळ्या चुकल्या हे खरं सांगितलं तर ओरडतील असं वाटतं का? या शेवटच्या प्रश्नावरून मला अख्खं केंद्र कळतं.

विचारणारी व्यक्ती केंद्रातली नको, आणि जागा औषधाच्या खिडकीसमोरची नको. घरी फोन करून तर मुळीच नको, फोन दिरानं उचलला म्हणजे झालं. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तो संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई करतो. आमच्याच माणसांनी सर्वेक्षणाच्या नादात ती मोडायची का? पेशंटांच्याच गटातल्या कुणी, वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी बसून विचारलं तर बायका बोलतात. भरपूर बोलतात.

जुनाच_पेशंट (मंगळवार, रात्री १०:४१)

त्याच कायद्यात औषध-तपासणी देण्याबद्दल "शक्य असेल तितपत" असे शब्द आहेत. मोजमाप सुरू कराल तर त्या "तितपत"लाही एक रकाना ठेवा. गोळ्या संपल्यात म्हणून किती वेळा परत पाठवलं, हे कुणाच्याच तक्त्यात नसतं.

एसटीत सवलत आहे म्हणतात, ती मी घेत नाही. कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे गावाला दाखवायचं. हे कुठल्या रकान्यात बसवणार, मास्तर?

माजी_मास्तर (मंगळवार, रात्री ११:०५)

किती जणांना सवलत मिळू शकते आणि किती जण प्रत्यक्ष घेतात, यातला फरक काढायचा. तो फरक म्हणजे भीतीचं माप. तुम्ही आत्ता मला एक नवीन चल शिकवलात.

कडक_भाकरी (गुरुवार, रात्री १०:१५)

काल मावशीकडे गेले होते. ती विड्या वळत होती, मी शेजारी बसून कौन्सेलरबाईंचे प्रश्न एकेक विचारले, सहज बोलल्यासारखे.

वजन? "दर वेळी करतात." खोकल्या-तापाचं? "विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत." दुसऱ्या औषधाचं कधीच नाही विचारलं. तिला गुडघ्यासाठी कॅल्शियम सुरू आहे, गल्लीतल्या डॉक्टरचं! वेळ लगेच बदलून दिली. गोळ्या चुकल्या तर ओरडतील का? हसली नुसती. "चुकवत नाही मी," म्हणाली. थोड्या वेळानं आपणहून, "लग्नकार्यात चुकतात दोन-तीन. मग पुढचे दोन-तीन दिवस रोज दोन-दोन घेते, हिशेब बरोबर करायला." डबीत मोजणी बरोबर येते म्हणून! हे तेरा-चौदा वर्षांत तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

मग रक्ताच्या आकड्याचं विचारलं. तर उठली, पत्र्याच्या पेटीतून लुगड्याच्या घडीखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. दोन वर्षांपूर्वीचा व्हायरल लोडचा रिपोर्ट. म्हणाली, "हा तुला दाखवला नाही. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा." रिपोर्टवर इंग्रजीत लिहिलेलं: टार्गेट नॉट डिटेक्टेड. त्या दिवशी मी बरोबर नव्हते. बाहेर बसलेल्या एका मुलाकडून तिनं वाचून घेतलं. त्यानं सांगितलं, "नॉट म्हणजे नाही." मावशीनं अर्थ लावला की मशीनला जमलं नाही, रक्त फुकट गेलं, आता औषध लागू पडत नाही. दोन वर्षं ती हे उराशी धरून आहे. त्यानंतरचा रिपोर्ट आला तो कुणी हातात दिलाच नाही, "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाले, आणि तिला वाटलं, समजूत काढतायत.

मी सांगितलं, मावशे, नाही म्हणजे विषाणू मोजण्याइतकासुद्धा सापडला नाही. यापेक्षा चांगला रिपोर्ट असतच नाही.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी नातवाला वेगळं ताट का लावायला लावलं?"

ते वेगळं ताट आधीपासूनच लागत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. काल नाही सांगता आलं.

भिंतीवरच्या त्या नव्वदीत ती आहे हे आता मला नक्की माहीत आहे.

जुनी_कौन्सेलर (गुरुवार, रात्री १०:५८)

पुढच्या वेळी सांगा. एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, हे ती कुणा तिऱ्हाइताकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकू दे. आणि डबल गोळ्यांचं आधी थांबवा. चुकली आणि आठवली तर आठवल्यावर घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम नाही. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

जुनाच_पेशंट (गुरुवार, रात्री ११:१०)

माझाही एक कागद आहे पेटीत. "सगळं ठीक" म्हणाले होते. उद्या काढून फोटो टाकतो, नाव झाकून. डॉक्टरबाई, वाचून सांगाल का?

एमआयडीसी_क्लिनिक (गुरुवार, रात्री ११:१४)

फोटो इथं नको. सकाळी दहानंतर दवाखान्यात या, गर्दी नसते. नाव सांगू नका, "धाग्यावरून आलोय" म्हणा.